चार नंबर

आमच्या नवज्योत स्पोर्टिंग, वडगावचा
चार नंबर म्हणजे भरमू मुचंडीकर.
जर्सी पोटावर एवढी ताणते
की चाराचा आठ वाटतो.
लेफ्ट बॅक खेळतो.
लेफ्ट कुठं ते दर रविवारी सांगावं लागतं,
बॅक दुखते म्हणून तेवढी ठाऊक आहे.

उद्यमबागेत लेथवर हाच माणूस
केसाच्या जाडीची चूक पकडतो,
आणि मैदानात सरळ पास देतो
कॉर्नरच्या लिंबाच्या झाडाला.
मी झापलं, तर म्हणाला,
"तिथं कोण न्हाई ते मला दिसलं की रे,
खरं पायाला दिसलं न्हाई."

अकरा वर्षांत त्याच्या नावावर तीन गोल.
तिन्ही माझ्यावर.
मी नवज्योतचाच गोलकीपर.

काढून टाकायचं दर दिवाळीत ठरतं.
पण पंप त्याचा, पंपाची पिन त्याची,
टेम्पो त्याच्या मेहुण्याचा,
आणि कंपाउंडपलीकडे निंगव्वाचं वांग्याचं परडं.

बॉल परड्यात गेला की भरमूच जातो आणायला.
पाच मिनिटं, दहा मिनिटं.
आम्ही दुसरा बॉल घेऊन दहा जणांत खेळतो
आणि (हे त्याला सांगू नका)
बरं खेळतो.
तो परततो तेव्हा मिशीला चहा,
खिशात चार वांगी,
आणि निंगव्वाच्या सुनेच्या भावाला
कुठल्या फाउंड्रीत लावायचं, ते ठरलेलं.

मग आमच्या कॅप्टनला, सायमन फर्नांडिसला, युक्ती सुचली.
मॅच अवघड झाली की हळूच खूण करायचा,
आणि परशा हुलजी बॉल घालायचा
नेमका वांग्यांत.
"भरमू, जा की रे!"
त्या सीझनला आम्ही चार मॅच जिंकलो.

पाचवी येळ्ळूरशी. सेमीफायनल.
भरमू नव्हता, पोरीला बघायला निपाणीचे पाहुणे आलेले.
पंपही त्याच्याकडेच, म्हणून फुगलेला बॉल एकच.
विसाव्या मिनिटाला परशानं सवयीनं
त्यालाच लाथ घातली.

सायमन गेला. कोंकणीतून मागितला.
परशा गेला. मराठीतून, मग हातानं.
मी गेलो आणि पाठ केलेलं म्हणालो,
"अज्जी, बॉल कोड्री."
निंगव्वानं मला खालपासून वर पाहिलं,
बॉल पदराखाली घेतला
आणि विचारलं, "भरम्या एल्लि?"
कुठं आहे भरम्या?

कुत्रं भुंकत होतं.
रेफरी घड्याळ बघत होता.
येळ्ळूरची पोरं बांधावर बसून भडंग खात होती.
मॅच रद्द. तारीख पुढं.

पुढच्या रविवारी भरमू आला.
काखेत तोच बॉल, टणक फुगवलेला,
पिशवीत पोरीचं ठरल्याचे पेढे,
आणि वांगी, वांगी तर होतीच.
"म्हातारी रुसलीया तुमच्यावर," म्हणाला,
"तीन-तीन माणसं दारात आली,
चहा प्यायला एकसुद्धा बसला न्हाई."

मॅच सुरू झाली.
सातव्या मिनिटाला त्यानं चौथा गोल केला.
माझ्यावर.
मी बॉल जाळीतून काढला,
आणि काय वाटलं कुणास ठाऊक,
स्वतःच उचलून
परड्यात मारला.
"चल," म्हटलं, "मीपण येतो चहाला."