कोऱ्या पावत्या

रुवीतल्या खोलीत, एसीच्या थेंबांखाली बादली सरकवून
मी पावत्या शोधते आहे.
बाबलला नोटीस आली. तिसरी.
पैसे कुणी पाठवले, कधी, कशासाठी.

कुणी: मी. कधी: दर महिन्याच्या चार तारखेला.
कशासाठी: आईचं डायलिसिस, मांगराची कौलं,
आणि एकदाच, त्याच्या पाक्षिकाचा कागद.
त्याच अंकात त्याने विचारलं होतं,
जेट्टीचं सिमेंट कुठल्या समुद्रात गेलं?
समुद्र गप्प राहिला.
उत्तर आयकरवाल्यांनी दिलं.

इथल्या उष्म्यात पावत्यांवरची शाई उडते.
अकरा वर्षांचे रियाल, सगळे पांढरेफटक.
एक्स्चेंजमधला परकार म्हणाला,
सिस्टीममधे सात वर्षांपलीकडचं दिसत नाही, ताई.
मग आवाज खाली आणून: भाऊ लिहितो काय?

रात्री फोनवर बाबल खुशीत.
कायद्याचा मसुदा आलाय म्हणे,
बोलल्याबद्दल कुणाची वही उघडायची नाही.
कलम पाठवलं त्याने. मी पडले हिशेबनीस,
आकड्यांआधी शब्द मोजते.
'सामान्यतः उघडली जाणार नाही.'
बाबल, त्या 'सामान्यतः'मधून अख्खी जीप जाते रे.

तो हसला. म्हणाला, जरा मोठ्याने बोल की,
काही ऐकू येत नाही.
मी उठून खिडकी लावली,
आणि तेवढ्याच हळू तेच परत बोलले.

पहाटे एक कोरी पावती घेतली,
तिच्यावर पेनाने लिहिलं: वीस रियाल, कागदासाठी.
वाचून पाहिलं.
'कागदासाठी' पुन्हा गिरवलं.