नऊ चौकटी

मातीचे कुल्ले लावून लागत नाहीत म्हणतात.
लागतात. आत तार घालावी लागते.

क्वीन्समध्ये, गाद्यांच्या गोदामावरच्या मजल्यावर
आम्ही मोठमोठी माणसं मळायचो.
सकाळी दिव्याखाली ठेवून जरा मऊ करायची,
मग एकमेकांच्या अंगावर सोडायची.
सेनेटर गायिकेला चावायचा. गायिका त्याचा कान
ओढून ओढून शेवई करायची.
मंगळवारी रात्री साडेदहाला लोक पोट धरून हसत.
आमचं काम: दिवसाला चार सेकंद.

दात रेनाटा झवाद्स्काचे.
ग्दान्स्कला ती कवळ्या करायची, जिवंत म्हाताऱ्यांच्या.
म्हणायची, इथं बरं आहे,
टोचतंय म्हणून गिऱ्हाईक परत येत नाही.
तांदळाच्या कणीएवढे दात. वेंडेल क्रोला तिनं चाळीस बसवले.
हसतो तेव्हा तेवढेच दिसतात, म्हणाली.

क्रोचा एकदा फोन आला. वाटलं, आला खटला.
म्हणाला, पोट जमलंय. नाकाचं काय?
दोनदा फुटलंय ते, डावीकडे हवं.
मी नाक डावीकडे केलं. अंगठ्यानं, एका दाबात.

गुरुवारी त्याच्या हातात खुर्ची दिली.
खाली एक टेनिसपटू उताणा, जीभ बाहेर.
खुर्ची वर जाता जाता संध्याकाळ झाली.
शुक्रवारी दुपारी रेडिओ म्हणाला, क्रो गेला,
विमानतळावर, कॉफीच्या रांगेत.

खुर्ची खाली यायला नऊ चौकटी उरल्या होत्या.

डेझमंडनं रेडिओ बंद केला, मग परत लावला.
वकिलांचा निरोप आला: भाग रद्द, माती परत वापरा.
परत वापरा म्हणजे काय, ते हातांना ठाऊक असतं.
नट, राणी, धर्मगुरू, सगळे एका डब्यात मळले
की तिसऱ्या दिवशी एकच रंग उरतो,
भिजलेल्या पुठ्ठ्याचा.

सोमवारी कॅमेऱ्यात जास्तीच्या चौकटी निघाल्या.
नऊ नव्हेत, शहाण्णव.
बरोबर चार सेकंद, कुणाचा तरी अख्खा रविवार.

खुर्ची हळूहळू खाली येते, पण बाजूला.
चारही पाय जमिनीला लागतात.
क्रो तिच्याकडे बघतो, घर चुकल्यासारखा.
मग बसतो. नाक चोळतो, डावीकडचं.
ओठ मिटतात, चाळीसच्या चाळीस दात आत जातात.
टेनिसपटू तेवढ्यात जीभ आत घेतो.

रेनाटाच्या नखांत कातडीचा रंग होता.
मी विचारलं नाही. तिनं मला बिस्किट दिलं.

ते कधीच कुठे दाखवलं गेलं नाही.
मी दोनदा पाहिलं, गळा दाटून.
तिसऱ्यांदा पाहताना फिस्सकन हसू आलं:
बसताना त्याचा एक कुल्ला सुटलाय
आणि एका चौकटीत, कडेला,
तो परत लावणारं
तिचं बोट राहून गेलंय.