पुसायला कोणी नाही

तीनशे दहा ग्रॅम. त्यावर एकही नाही,
म्हणाले बंगळूरचे लोक, आणि फोन ठेवला.
म्हणजे तीन मध्यम चिकू.

साकीनाक्याच्या गाळ्यात परकारचाचांनी
ॲल्युमिनियमची नळी लेथला लावली, विचारलं,
"मॅडम, फोकसचं चाक कुठं?"
चाक नाही, म्हटलं. फिरवायला बोट नाही तिथं.
"मग बघणार कोण?"

आम्हीच. पण वीस मिनिटं उशिरा,
आणि डोळा न लावता.

म्हणून कणानंच यायचं भिंगापुढं
छोट्या दट्ट्यावर बसून,
केसाच्या दहाव्या हिश्शानं पुढे, मग मागे,
कडा धारदार झाली की थांब.

उणे ऐंशीला नळी आकसते, काच तेवढी नाही.
दोघांच्या मध्ये कुणीतरी समजूतदार हवं :
टायटॅनियमची कडी, तीन पाकळ्यांची.
सहावी जमली. आधीच्या पाचांनी भिंगं फोडली,
आवाज अगदी लहान, वाळली शेंग मोडल्यासारखा.

तिथली माती कुणाकडे मागणार?
गिल्बर्ट हिलच्या पायथ्याला, गटाराशी पडलेली
काळी खपली उचलली,
खलबत्त्यात कुटली, चहाच्या गाळण्यानं चाळली.
बेसाल्ट इथला काय, तिथला काय.
साडेसहा कोटी वर्षांत त्यालाही
इतक्या जवळून कुणी विचारलं नव्हतं.

पहिलं चित्र आलं मंगळवारी रात्री,
योगायोग, दुसरं काही नाही.
काळे कण, एक हिरवट स्फटिक,
आणि त्यांच्यामधून वळत गेलेला
लांब, निळा, जिवंत वाटणारा धागा.

गाळ्यात कुणी बोललं नाही.
मग चाचांनी माझ्या ओढणीकडे पाहिलं.

तेव्हापासून एक वही ठेवलीय.
ओढणीचं सूत. चाचांच्या दाढीचा केस.
शेजारच्या गाळ्यातली जरीची चमकी.
पावाचा चुरा. परागकण, बहुधा सोनमोहराचा.
प्रत्येकाचं चित्र, माप, तारीख.
यंत्राच्या मेंदूत ही यादी आधी जाणार,
म्हणजे तिकडे काही वळवळीत दिसलंच
तर पहिला प्रश्न : तू साकीनाक्याचा का रे?

इथं मी चष्मा दिवसातून दहादा पुसते,
ओढणीच्याच टोकानं, वाईट सवय.
तिथं धूळ एकदा बसली की बसली.
म्हणून भिंगाला झाकण, बारीक स्प्रिंगवरचं.
चाचांनी ते चारशे वेळा मिटलं, उघडलं,
रविवारी, पैसे न लावता.
"पापणी झक्क झालीय," म्हणाले,
आणि ती उघडीच टाकून
जेवायला गेले.