कुंपणापलीकडचं खुरपं

साडेपाचला आचाओत धुकं असतं.
समुद्र कुठे संपला आणि माझे बटाटे कुठे सुरू झाले
हे तेव्हा फक्त पायांना कळतं.
चुलीत लाकूड सरकवते, किटली ठेवते,
रबरी बूट उलटे करून झटकते
(एकदा आत बेडूक निघाला होता, तेव्हापासून)
आणि मागचं दार ओढून घेते,
करकरू नये म्हणून किंचित उचलून.
कुणासाठी, विचाराल.
घरात झोपलेलं कुणीच नाही.

बटाट्यांना जांभळी फुलं आली आहेत.
खाली मातीत, कुणाला न दाखवता,
ते काळेनिळे होत बसले असतील,
वेडेवाकडे, म्हाताऱ्या बोटांसारखे.
मी तण उपटते. दव कोपरापर्यंत चढतं.
मग पलीकडे खुरपं सुरू होतं.

खर्र. थोडं थांबून, खर्र खर्र.
तो बेलार्मिनो.
अकरा वर्षं आम्ही बोलत नाही.
कारण म्हणाल तर वीतभर जमीन,
आणि त्याच्या कुत्र्यानं धरलेली माझी ठिपक्यांची कोंबडी,
आणि कोंबडीवरून मी त्याच्या आईबद्दल बोलले ते,
जे मला आता नीट आठवत नाही
आणि त्याला बहुधा शब्दन्‌शब्द पाठ आहे.
चर्चमध्ये तो डावीकडे, मी उजवीकडे.
बोटीवर तो पुढे, मी मागे.
पण साडेपाच ते सात
मध्ये नुसत्या फळ्या आणि धुकं.
खुरपं थांबलं की मी ओळखते, कंबर धरलीय.
माझी बादली खडकावर वाजली की तोही ओळखत असेल,
विहीर तळाला गेलीय.

जानेवारीतल्या एका सोमवारी पलीकडून काहीच आलं नाही.
मंगळवारीही नाही.
बांदुर्रिया पक्षी छपरावरून गेले
पत्र्याचे डबे बडवल्यासारखे ओरडत,
आणि ते गेल्यावर इतकं शांत झालं
की मी उगाच खोकले.
बुधवारी बेकरीतली नेल्दा म्हणाली,
कास्त्रोच्या इस्पितळात आहे, छातीचं काहीतरी.
मी म्हटलं, असं का. दोन पाव दे.

गुरुवारी सैल फळी सरकवली.
कुठली सैल आहे ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.
त्याची लसूण, मुठीएवढी होणारी, आमच्या बेटाची लसूण,
शेंड्याकडून पिवळी पडलेली.
यंदा पाऊस फिरकलाच नाही.
दोन बादल्या तिला, एक माझ्या वाफ्यांना.
शुक्रवारी तेच. शनिवारी तेच. असे नऊ दिवस.
त्याचं खुरपं खुंटीला होतं,
मूठ झिजून त्याच्याच हाताची झालेली.
त्याला मी हात लावला नाही, माझं घेऊन बसले.
खर्र, खर्र खर्र.
आणि मीच दचकले,
आला की काय, म्हणून.

दुसऱ्या रविवारी बादली ओढत होते,
तेवढ्यात पलीकडे काठी टेकल्याचा आवाज.
वाफ्यावाफ्यापाशी थांबत, सावकाश.
मग बराच वेळ काही नाही.
मग फळ्यांवरून, घोगरं:
"काढणीच्या तोंडावर लसणीला इतकं पाणी कोण घालतं?
कुजेल की सगळी."

माझ्या तोंडाशी आलं होतं.
त्याच्या आईबद्दलच.
गिळलं, आणि बादली परत विहिरीत सोडली,
जरा जोरात.

दुपारी त्याचा भाचा बादलीभर समुद्रशेवाळ ठेवून गेला,
ओलं, खाऱ्या वासाचं, खताला.
बादली माझीच होती. भांडणाआधी नेलेली.

आज सकाळी पाहिलं, सैल फळीला खिळा मारलाय.
एकच. वरच्या बाजूला.