रुंदी

अब्बांच्या वहीत चार रकाने:
नाव, लांबी, रुंदी, चौरस फूट.
तीन निळ्या शाईत, एक लाल.
"लांबी काय, कुणालाबी दिसती," म्हणायचे,
"माणूस फसतोय ते रुंदीत."

त्या साली पंचगंगेचं पाणी दुधाळीत शिरलं
आणि माळ्यावर ठेवलेली वहीसुद्धा भिजली.
निळं तगलं.
लाल पानापानांतून वाहून गेलं,
रुंदीच्या जागी नुसता गुलाबी डाग.

अब्बा गेले रमजानच्या तोंडावर.
फरशीचे पैसे लोकांनी दिलेले होते,
स्कर्टिंगचे राहिलेले.
फरशी चौरस फुटावर जाते,
स्कर्टिंग भिंतीभिंतीनं, रनिंग फुटावर.
त्याला खोलीच्या चारी बाजू लागतात,
आणि माझ्या हातात प्रत्येक खोलीच्या दोनच.

म्हणून भागाकार.
सिमेंटच्या पोत्याचा कागद फाडून
दुकानाच्या पायरीवर बसून भागाकार.

पिराजीराव सणगर, राजारामपुरी नववी गल्ली, हॉल.
लांबी चौदा. एकशे अडुसष्ट.
चौदा एके चौदा, उरले दोन, वरचे आठ खाली,
चौदा दुणे अठ्ठावीस.
बारा.
बारा लिहिलं आणि समोरची भिंत आपोआप उभी राहिली,
तिच्यातली खिडकी, खिडकीत वाळत घातलेला लंगोट,
शाळेतून येताना अब्बांचा डबा मी तिथंच ठेवायचे.
चौदा नि बारा सव्वीस, दुप्पट बावन्न,
दाराचे तीन सोडून एकोणपन्नास.
सणगरांनी मुकाट नोटा मोजल्या.
मोडलेले कान दोन्ही हातांनी चोळत म्हणाले,
"एवढं गणित यासीनला तरी येत होतं का गं?"

काही खोल्यांना भागच जाईना.
सात पॉइंट तीन तीन तीन, कागद संपला तरी तीन.
अशा घरांना अब्बांची एक ठरलेली शिवी होती:
गवंड्यानं सूत धरलं बावड्याला
आणि भिंत गेली पन्हाळ्याला.

शुक्रवार पेठ. हेर्लेकर काकूंचं देवघर.
लांबी अकरा, साडेत्र्याण्णव. म्हणजे रुंदी साडेआठ.
"आलीच आहेस तर मोजून बघ की," काकू म्हणाल्या.
टेप लावला. नऊ.
उलट्या बाजूनं लावला. नऊच.
अर्धा फूट जास्तीचा,
अकरानं गुणला तर साडेपाच चौरस फूट फरशी
बसवलेली, घोटलेली, पुसलेली,
आणि लिहिलेली नाही.
काकू समईत तेल घालत होत्या.
"यासीनभाई मापात चुकायचे?"
"नाही."
मग आम्ही दोघी खाली बघत राहिलो.
त्यातला नेमका कुठला अर्धा फूट, ते फरशीवरून कळत नव्हतं.
स्कर्टिंग मी साडेआठानंच लावलं.

शेवटच्या पानावर: घर.
लांबी दहा.
रुंदी, गुलाबी डाग.
चौरस फूट, कोरं.
स्वतःला बिल कोण लावतंय?
कोऱ्याला दहानं भागून बघितलं
आणि पेन्सिल कानामागं ठेवली.

टेप दुकानात राहिलेला.
चपला काढल्या
आणि गॅसच्या ओट्यापासून दाराकडे
फूटभर फूटभर फरश्यांवरनं चालत निघाले.
पहिल्या दोन सणगरांच्या हॉलमधल्या, पिवळसर.
तिसरी कुठल्याशा बँकेच्या पायरीची काळी कडाप्पा,
उन्हाळ्यात आम्ही पोरं तिच्यावर गाल टेकून झोपायचो.
चौथी, पाचवी देवघराची हिरवी.
सहावी हलते.
"काय मोजालीस?" अम्मीनं विचारलं.
"रुंदी."
"मग पाय पुसून मोज."
सात, आठ,
आणि उंबऱ्याला लागून एक तुकडा,
जेमतेम चार बोटं, लाल.
तो कुणाच्या घरचा उरलेला, ते वहीत नाही.