किल्ली देताना

ही पुढच्या दाराची. ही न्हाणीची.
ही तिसरी कशाची ते आत्ता आठवत नाही,
पण असू दे जुडग्यात.

कुलपाला महिन्यातून एकदा दोन थेंब तेल,
माझ्या शिलाई मशीनचं, बुधली खिडकीत ठेवलीय.
वेंगुर्ल्यात लोखंडाला झोप नाही, ताई,
खारा वारा रात्रभर त्याला चाटत बसतो.

तुम्ही अकोल्याच्या.
तिकडे पाणी वाट बघायला लावतं,
इथे ते वाट शोधतं.

त्या भिंतीकडे बघताय ना, जिथला रंग नवा आहे?
तिथे गुट्टे राहायचे. बँकेतले, परळीकडचे.
भाडं पाच तारखेला.
चार नाही, सहा नाही.
श्रावणात एका सकाळी त्यांना दिसला
कपाटामागे
रुपयाएवढा ओला डाग.
त्यांनी त्यावर कॅलेंडर टांगलं.

कशासाठी, तर डिपॉझिट. दहा हजार.
वाटलं, बाई कापून घेईल.

आणि मी,
खोटं कशाला बोलू,
मला खळ्यातून रोज दिसत होतं
पन्हळीत कुजलेल्या पाल्यातून
पिंपळाचं रोप मान वर काढतंय.
दोन पानं होती तेव्हा. तांबूस, तुकतुकीत,
बघत राहावं अशी.
म्हटलं, चतुर्थी होऊन जाऊ दे.
आबूला शिडी घेऊन बोलवायचं म्हणजे तीनशे रुपये,
वर चहा, वर त्याच्या सुनेची गाऱ्हाणी.
नखानं निघालं असतं ते रोप.

गुट्टे दहा हजारांना भ्याले,
मी तीनशेला,
आणि आमच्या दोघांच्या गप्प बसण्यातून
पाणी आत आलं,
चपला न काढता.

कॅलेंडरचा ऑगस्ट सप्टेंबरला चिकटला.
मग दोन्ही भिंतीला.
तरी कुणी बोललं नाही.
जिन्यात भेटलो की
मी विचारायचे, बरं ना सगळं?
ते म्हणायचे, एकदम.

दिवाळीला आठवडा असताना वासा बसला.
आवाज फार नव्हता, फणस पडावा तेवढाच.
गुट्टे काउंटरवर होते, म्हणून आज
ही गोष्ट मी तुम्हाला सांगू शकतेय.
सुतारानं वाशात बोट घातलं
आणि ते पेरापर्यंत आत गेलं.
वाळवीनं आतलं सगळं नेलं होतं,
वरचा रंग तेवढा
अब्रूसारखा शाबूत.

बासष्ट हजार.
त्यात कौलं धरलेली नाहीत.

गुट्टे आले, हातात पासबुक.
म्हणाले, माझ्याकडून कापा, मला डाग दिसला होता.
मी म्हटलं, मला रोप दिसलं होतं.
मग आम्ही दोघं बराच वेळ
वरच्या ताडपत्रीकडे बघत राहिलो.
डिपॉझिट पुरं परत दिलं.
त्यांनी घेताना मोजलं नाही,
बँकेतला माणूस, आणि मोजलं नाही.
आता कुडाळला असतात.
मे लागला की फोन करतात,
मुलांचं, तब्येतीचं काही नाही,
पहिला प्रश्न, पन्हळ काढली का?

करार छापील आहे, सावकाश वाचा.
माझी अट त्यात नाही.
ओल दिसली की दार वाजवा.
रात्री अकराला वाजवा,
मी देवपूजेत असले तरी वाजवा.
डाग तुमचा नाही, माझा नाही,
पाण्याचा आहे,
आणि पाण्याला डिपॉझिट नसतं.

नळ ठिबकला तर वॉशर बारा रुपयांचा.
चार आणून ठेवलेत, चमच्यांच्या खणात.
मोरीच्या जाळीतले केस काढताना
शिव्या द्यायच्या असतील तर द्या, मीही देते.
कपाट भिंतीपासून वीतभर लांब.
भिंतीलाही पाठ खाजवायला जागा लागते.

हां, आठवलं.
ती तिसरी किल्ली.
मागच्या पडवीत नवी शिडी आहे, साखळीला बांधलेली,
तिच्या कुलपाची.
एकटीनं उचलू नका, जड आहे.
मला हाक मारा.
तुम्ही चढा,
मी खाली धरते.