पायाचं माप

कार्यालय शिरोलीकडं, हायवेला लागून.
गाडीतून उतरताना तेजलनं माझे पाय बघितले
आणि दार धरून तशीच उभी राहिली.
"आत्ती, हे काय?"

हे म्हणजे करडे बूट,
पट्टीनं चिकटवायचे, पुरुषांच्या कप्प्यातले, आठ नंबर,
राजारामपुरीत सेलमध्ये घेतलेले.
वर आंब्याच्या रंगाची पैठणी, काठ वीतभर,
गळ्यात आईचा साज.
"मी करवली, आणि तू असली येणार?"
असलीच आले, म्हटलं. चल आत.

अंगठ्याच्या मुळाशी हाड निघालंय
गेल्या उन्हाळ्यापासून, सुपारीएवढं.
डॉक्टर म्हणाले, रुंद तोंडाचं घाला.
वन्सं म्हणाल्या, ते काय विकत घ्यायचं,
तोंड तर हिचं जन्माचंच रुंद.

सुभाषनगरात आण्णा चपला शिवायचे.
कातडं भिजवायचं, बडवायचं, वेण्या घालायच्या,
तळात बी ठेवायचं, करकर वाजायला.
गिऱ्हाईक म्हणायचं, चावतीय की हो.
"नवी हाय. आठ दिस चावंल,
मग तुमचीच हुईल. खोबरेल लावा."
गिऱ्हाइकाला पटायचं.
लंगडत जायचं बिचारं, पण करकर करत.
आण्णांच्या पायात मात्र निळी रबरी स्लीपर,
तुटल्या बंदाला पिन लावलेली.
मी बसून काम करतो, म्हणायचे, मला कोण बघतंय?

माझं लग्न ठरल्यावर त्यांनी
जुन्या कॅलेंडरचं पान उलटं अंथरलं,
त्यावर मला उभं केलं
आणि पायाभोवती पेन्सिल फिरवली.
टाचेपाशी गुदगुल्या झाल्या, मी हसले,
तिथं रेघ हलली.
मग हललेली रेघ त्यांनी नीट पुसून सरळ केली
आणि कातडं कापलं
रेघेच्या दोन सूत आतून.
"नवरीचा पाय लहान दिसावा."
आई दारात तांदूळ निवडत होती.
ती काही बोलली नाही. मीही नाही.
अडतीस वर्षं मी त्या दोन सुतांत चालले,
सासरी, बाजारात, बँकेच्या पायऱ्या चढत,
चपला बदलल्या तरी.

स्टेजवर फोटोवाला म्हणाला,
"मावशी, साडी जरा खाली घ्या."
घेतली.
"अजून जरा."
अजून घेतली असती तर सुटलीच असती.
वन्संनी पुढं होऊन आपली पर्स
माझ्या पायांपुढं धरली, वाकून,
आणि फोटोत आता
वन्सं वाकलेल्या आहेत कायमच्या.
मुलीकडची एक बाई खाली बघून वर बघायची,
परत खाली.
मीही बघितलं मग तिच्याकडं. करणार काय?

जेवणाला टेबलं होती, वर पांढरे कागद.
पांढऱ्या रश्श्याला वाटी पुढं केली
आणि चमचा पडला.
वाकले.

खाली वेगळंच कार्यालय होतं.
सगळ्या सँडली निघालेल्या,
काही आडव्या, काही एकमेकींवर चढलेल्या,
आणि पाय मोकळे,
पायाला पाय घासत बसलेले.
कुणाच्या टाचेला पट्टी, तीही सुटलेली.
खड्यांच्या पट्ट्यांची नक्षी कातडीत रुतलेली.
वन्संची जोडवी सुजलेल्या बोटांत बुडालेली.
तेजलची करंगळी
डाळिंबाच्या दाण्यासारखी लाल,
एकटीच हलत होती, हळूहळू.
आणि वरून आवाज येत होते:
घ्या हो, लाजताय काय, अजून एक भाकरी.

मी जरा जास्तच वेळ वाकून राहिले.
"सापडला का चमचा?"
सापडला, म्हटलं.

विहिणी उठल्या तसे सगळे पाय
चाचपडत आत गेले.
एक-दोघींनी डोळे मिटले, तेवढंच.
पुढं पाठवणी, रडणं, तांदूळ.

पार्किंगच्या पायऱ्या उतरताना
तेजलनं माझ्या दंडाला धरलं.
सगळा भार माझ्यावर टाकून
ती एकेक पायरी उतरत होती
आणि मला दंडाला वळ उठेल असं वाटत होतं.
खालून कुणीतरी म्हणालं,
पोरगी गुणाची हो,
आत्तीला कशी जपून उतरवतीय बघा.